जुन्या बंगल्याभोवतीची कॉटेज बाग, पाचगणी: कामाच्या नोंदी

१८ जानेवारी

पाहणी. जांभ्याच्या चिऱ्यांचा, चुन्यात बांधलेला बंगला, वर पत्रे, पूर्वेला लांब व्हरांडा. प्लॉट ११ गुंठे, घर ५२ × ३० फूट. जमीन पश्चिमेकडून पूर्वेला १:१२ ने उतरते, त्यामुळे पुढे जोते तीन फूट उंच दिसते आणि मागे जेमतेम सहा इंच. मागच्या खोल्यांत भिंतींना कमरेपर्यंत ओल चढली आहे. कारण छपरात नाही, बागेत आहे. मागच्या भिंतीला लागून वाफे होते, त्यांत दरवर्षी माती आणि शेणखत पडत गेले आणि जोते हळूहळू बुडाले. जांभा सच्छिद्र दगड, ओली माती टेकली की पाणी ओढून घेतो.

मातीचा सामू (pH, ७ च्या खाली आम्ल, वर अल्क) भिंतीपासूनच्या अंतरानुसार मोजला: एक फुटावर ७.६, तीन फुटांवर ६.८, सहा फुटांपलीकडे ५.६. मूळची तांबडी माती आम्लधर्मी आहे. भिंतीजवळ मात्र वर्षानुवर्षांच्या रंगसफेदीचा आणि दर्जातून (चिऱ्यांच्या सांध्यांतल्या भरणीतून) सुटलेला चुना मुरला आहे. लागवडीचा नकाशा या तीन आकड्यांवर काढायचा.

मालकांनी इंग्लंडमधल्या कॉटेज बागांचे फोटो दिले आहेत. त्या बागांचा भर बहर मे ते जुलैचा. इथे मेमध्ये धूळ आणि जुलैमध्ये धुके व संततधार. ते वेळापत्रक इथे आणता येत नाही, बागेची रीत मात्र येते: दाट लागवड, सरळ वाट, दारावर वेल, फुलांच्या मधूनच भाजी आणि फळ. पाचगणीत बहर दोन. नोव्हेंबर ते मार्च बियांपासूनची हंगामी फुले. जून ते सप्टेंबर हायड्रेंजिया, बिगोनिया, नेचे आणि तेरडा. एप्रिल-मे गुलाबावर काढायचा.

यादीतून आजच बाद: पिओनी (तिला लागते तितकी कडक थंडी इथे पडत नाही), इंग्लिश लॅव्हेंडर (पहिल्याच पावसाळ्यात बुडापासून कुजते, हवेच असेल तर दातेरी पानांचे, तेही कुंडीत, व्हरांड्यात). डेल्फिनियमऐवजी लार्कस्पर. मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिसऐवजी आपल्या सह्याद्रीतली मोरवेल. ती क्लेमॅटिसच आहे, फुले लहान आणि पांढरी, पण फुलांनंतर बियांचे पिसारे येतात ते फुलांपेक्षा देखणे.

२९ जानेवारी

आखणी. फाटकापासून व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत सरळ वाट, ३८ फूट लांब, ४ फूट रुंद. दोन माणसे शेजारी चालली पाहिजेत आणि कडेची झाडे वाटेवर फूटभर झुकली तरी जागा उरली पाहिजे. वळणाची वाट सुचवली गेली होती, ती नाकारली. जुन्या कॉटेजच्या वाटा सरळ असत, कारण त्या दारापर्यंत जाण्यासाठी होत्या. वळण फक्त दक्षिणेला, सिल्व्हर ओकला वळसा घालताना.

वाफ्यांची रुंदी ५ फूट, दोन्ही बाजूंनी हात पोचेल अशी. याहून रुंद केला तर निंदणी करायला आत पाय टाकावा लागतो आणि ही माती पायाखाली एकदा दबली की पुढच्या पावसात पाणी वर साचते. घराला खेटून एकही वाफा नाही. जोत्यापासून चार फुटांची पट्टी मोकळी.

१२ फेब्रुवारी

भिंतीवरचा जुना वेल काढला. बारीक पानांचा, भिंतीला चिकटून चढणारा फायकस. हा वेल ओढून काढायचा नाही. बुडाशी छाटून महिनाभर वाळू द्यायचा, मग वायर ब्रशने नाही तर ताठ काथ्याच्या ब्रशने मुळ्या घासायच्या. ओला ओढला तर मुळ्यांबरोबर दर्जा बाहेर येतो. बूड जानेवारीतच छाटले होते, तरी उत्तरेच्या कोपऱ्यात दोन-तीन ठिकाणी चुना निघालाच. तिथे मुळी सांध्यात बोटभर आत गेली होती.

मागच्या भिंतीला खालचे अडीच फूट कोणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला. ओल थांबावी म्हणून केला असणार, पण त्याने ओल कोंडली आणि वर ढकलली. तो पूर्ण उतरवला. आतले चिरे पिठासारखे झालेले नाहीत, सुदैव. नवा दर्जा: १ भाग मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची पूड), २ भाग चाळलेली वाळू. सांधे पाऊण इंच खोल खरवडून, पाणी मारून, मग भरणे. वर ओले गोणपाट दहा दिवस. चुन्याला घाई चालत नाही. दुपारच्या उन्हात भरलेला दर्जा संध्याकाळी तडकतो.

२६ फेब्रुवारी

मागची माती खाली घेतली. जोत्याचा वरचा काठ जमिनीपासून निदान एक फूट वर यायला हवा. एका दमात पूर्ण लांबी उकरायची नाही. जुन्या घरांचे पाये उथळ असतात. सहा-सहा फुटांचे तुकडे पाडून काम केले, एक सोडून एक.

मग पागोळ्यांचा पाट. हिशेब असा: छपराच्या एका उताराचे क्षेत्र ९० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला (इथे तो विरळा नाही) तर तासाला ४,५०० लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वा लिटर पाणी एका रेषेत पडते. ती रेषा जोत्यापासून अडीच फुटांवर आहे. पत्र्याला पन्हळ लावण्याचा विचार सोडला, सिल्व्हर ओकची पाने ती आठवड्यात बुजवतात.

पाट दीड फूट रुंद, एक फूट खोल, पागोळ्यांची रेषा बरोबर मध्यावर. तळाला चार इंच चुना-विटांचा कोबा, उतार १:६०, दोन्ही टोके पूर्वेकडे वळवून खालच्या वाफ्यांच्या पलीकडे काढली. तळ पक्का हवा. मुरणारा पाट पायाशेजारी करणे म्हणजे पायाला पाणी पाजणे. तळावर गोट्यांचा एकच थर, पाणी पडून तांबडा चिखल भिंतीवर उडू नये म्हणून. पाट गोट्यांनी काठोकाठ भरलेला फोटोत छान दिसतो, पण वर्षभरात पाने आणि गाळ खाली बसतात आणि साफ करायला सगळे गोटे उचलावे लागतात.

डोंगराकडून येणारे पाणी वेगळे अडवले. मागच्या भिंतीपासून आठ फुटांवर आडवा चर, दोन फूट रुंद, दीड फूट खोल, मधोमध उंच आणि दोन्हीकडे उतरता.

१६ मार्च

वाट घातली. आधी ठरले होते जांभ्याची फरशी, घराशी मिळतीजुळती. बदलले. सपाट जांभ्यावर जुलैत शेवाळ धरते आणि तो साबणासारखा होतो. टाकी मारलेला काळा दगड घेतला. टाकीच्या खुणा पायाला पकड देतात. खाली चार इंच मुरूम पाणी मारून धुमसाने दाबला, त्यावर दोन इंच कच (दगडाची बारीक चुरी), मग दगड. मध्य अर्धा इंच उंच, पाणी दोन्ही कडांना जाईल असा. सांधे एक इंचाचे, कच आणि माती भरून लिपिया (जमिनीलगत पसरणारी वनस्पती) लावला. लिपिया पसरट आहे, वाफ्यात शिरतो, म्हणून कडेला उभा दगड सहा इंच जमिनीत. जांभा वाया गेला नाही, उतारावर दोन ताली (माती अडवणारे दगडी बांध) त्याच्याच रचल्या: उंची दोन फूट, चुना-सिमेंट काही नाही, दर फुटाला दोन इंच मागे कललेल्या, पाठीमागे खडीचा थर.

३० मार्च

सिल्व्हर ओक. पाचगणी वसवणाऱ्या जॉन चेसनने १९ व्या शतकात इथे जी परदेशी झाडे लावली त्यातला हा. आवारात दोन आहेत, दोन्ही जुने, आणि दोन्हींच्या खाली काही येत नाही. मालक विचारत होते की एक काढता येईल का. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर आहे, परवानगीशिवाय झाडाला हात लावता येत नाही. शिवाय काढू नये. एप्रिलमध्ये तो सोनेरी-नारिंगी फुलतो आणि त्या महिन्यात बागेत दुसरे फारसे काही नसते.

खाली माती टाकून वाफा करण्याचा मोह टाळावा. खोडाभोवती माती चढली की साल कुजते, आणि वरच्या मुळ्या त्या मातीतले पाणी आधी पितात. घेराच्या आत खणणे नाही. फक्त मुळ्यांच्या मधल्या फटींत मूठ-मूठ कंपोस्ट घालून नेचे आणि क्लोरोफायटम. उरलेल्या जागी कुंड्या. पाने कडक, सावकाश कुजणारी. कंपोस्टच्या खड्ड्यात ती एकटी टाकली तर वर्ष काढतात. हिरवा पाला आणि शेणकाला यांच्याबरोबर मिसळावीत, किंवा जशीच्या तशी हायड्रेंजियाखाली आच्छादन.

१५ एप्रिल

माती. वाफ्यांचे एकूण क्षेत्र २१० चौरस मीटर. पाच सेंटिमीटरचा कंपोस्टचा थर म्हणजे साडेदहा घनमीटर, पावणेचार ब्रास. आले चार ब्रास, त्यातले एक ब्रास शेणखत अर्धकच्चे. फावडे घातल्याबरोबर हुमणीच्या अळ्या. तो ढीग प्लास्टिकवर पातळ पसरला. कोंबड्यांनी आणि साळुंक्यांनी बरेचसे काम केले. उरलेल्यात मेटारायझियम (हुमणीला मारणारी बुरशी) मिसळून सावलीत झाकून ठेवला, ऑक्टोबरआधी वापरायचा नाही. हुमणी वाफ्यात गेली तर गुलाबाची आणि स्ट्रॉबेरीची मुळे खाते आणि झाड उभे सुकेपर्यंत कळत नाही.

वाफे दीड फूट खोल खणले, वरची माती वर, खालची खाली. त्याखाली पहारीलाही न जुमानणारा जांभा लागतो, तो फोडायच्या फंदात पडू नये. तांबडी माती स्फुरद धरून ठेवते, मुळांना देत नाही, म्हणून हाडांचे खत पसरून टाकण्यात अर्थ नाही. खड्ड्यात, कंपोस्टमध्ये कालवून, मुळाशी. निंबोळी पेंड चौरस मीटरला १०० ग्रॅम. चुना किंवा राख कुठेही नाही.

५ मे

कमानी आणि तारा. फाटकावर एक कमान, वाटेच्या मध्यावर दुसरी. गॅल्व्हनाइज्ड पाइप, सव्वा इंची, आतली रुंदी साडेचार फूट, उंची साडेसात. वाढलेला गुलाब फूटभर आत लोंबतो हे धरून ही उंची. पाय दोन फूट जमिनीत. लाकडी कमान मागितली होती, पण इथल्या पावसात जमिनीलगत लाकूड कुजते आणि उरलेले वाळवी खाते. पाइपला गडद हिरवा रंग दिला की दोन वर्षांत वेलाखाली दिसेनासा होतो.

भिंतीत एकही खिळा नाही. व्हरांड्यालगतच्या वेलासाठी पाटाच्या बाहेर स्वतंत्र खांब, त्यांत १० गेजची तार दीड-दीड फुटांवर. वेल आणि भिंत यांच्यात हात जाईल, रंगसफेदी करता येईल, वारा खेळेल.

१४ जून

पहिले चांगले पाऊस झाले, माती वीतभर ओली. कायम झाडांची लागवड: हायड्रेंजिया चार-चार फुटांवर, खड्डे दीड फुटी, मोरवेल दोन्ही कमानींच्या एकेका पायाशी, अगापँथस आणि पावसाळी लिली कडेने. गुलाब आत्ता नाही. पोरसवदा गुलाबाला चार महिन्यांचा पाऊस मिळाला की काळ्या ठिपक्यांनी पाने गळतात आणि डोळे भरताना कांडीचे टोक मरते.

जिरॅनियमच्या कुंड्या अर्ध्यावर छाटून व्हरांड्यात घेतल्या. पावसाचे थेंबही नकोत, खोड काळे पडून सडते. छाटलेल्या काड्या एक दिवस सावलीत सुकवून वाळूत लावल्या. पश्चिमेच्या खिडक्यांना आणि खांबांवरच्या कोवळ्या वेलांना गवताच्या झडी (पाऊस अडवणारे पडदे) बांधल्या.

२१ जुलै

पाट भर पावसात पाहिला. चालतो. उत्तरेच्या टोकाला वळणावर पाणी उसळून बाहेर पडते, तिथे काटकोन आहे. कोपरा गोल करून घ्यायचा. मागच्या भिंतीवरची ओल अजून आहे, पण रेषा गेल्या पावसाळ्यातल्या डागापेक्षा वीतभर खाली आहे. जांभ्याची भिंत पूर्ण सुकायला दोन-तीन उन्हाळे धरावेत. आतून रंग देण्याची घाई नको.

हायड्रेंजियाचे रंग: तालीखालच्या ओळीत स्वच्छ निळा, पायऱ्यांजवळच्या तीन झाडांवर गुलाबी-जांभळट. रोपे एकाच लॉटमधली. निळ्याला आम्ल माती आणि मुळाला मिळणारे ॲल्युमिनियम, दोन्ही लागते. जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियम भरपूर, आम्लता असली की ते मोकळे होते. पायऱ्यांजवळ चुना मुरलेला, म्हणून ते अडकून पडते. निळा करायचाच असेल तर लिटरला ५ ग्रॅम तुरटी, पंधरवड्याने एकदा, कळी धरण्याच्या आधीपासून. आमच्या मते करू नये. चुन्याच्या घराजवळ गुलाबी आणि लांब जावे तसा निळा, ही चढण फुकट मिळाली आहे आणि ती याच घराची आहे.

गोगलगाई बेसुमार. रात्री बॅटरी घेऊन वेचणे आणि ओल्या गोणपाटाखाली गोळा करणे, दोन्ही चालू. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या नाहीत, घरात कुत्री आहेत.

२८ ऑगस्ट

पत्र्याखाली रोपवाटिका. होलीहॉक आता पेरला तर फेब्रुवारीत उभा दिसेल, ऑक्टोबरात पेरलेला मार्च संपताना फुलतो आणि उन्हात सापडतो. स्नॅपड्रॅगनचे बी धुळीसारखे. वर माती टाकायची नाही, नुसते दाबायचे. दमट हवेत रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. त्यावर उपाय विरळ पेरणी, सकाळीच पाणी, मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) आणि जुन्या ट्रे आधी धुऊन उन्हात वाळवणे. दाट पेरलेल्या दोन ट्रे गेल्या, शेजारच्या विरळ पेरलेल्या शाबूत आहेत.

तेरडा मात्र पेरावा लागला नाही, पडीक कोपऱ्यात आपोआप आला. तो ठेवला. टेबललँडवरून (पाचगणीच्या पठारावरून) सोनकी किंवा दुसरे काही उपटून आणण्याची सूचना आली होती. नाही. पठारावरची ती झाडे त्या पातळ मातीचीच, वाफ्यात टिकतही नाहीत.

१० ऑक्टोबर

पाऊस उघडला. गुलाब लागले. कमानींवर समर स्नो, काटे नसल्यातच जमा, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांना सोपा. वाफ्यात सुवासाचे गावठी गुलाबी आणि थोडे हायब्रीड टी (मोठ्या फुलांचे संकरित गुलाब). कलमाचा डोळा जमिनीच्या दोन इंच वर. डोळ्याखालून फूट आली तर कात्रीने नाही, अंगठ्याने दाबून मुळापासून उपटायची, नाहीतर खुंट फोफावतो. नव्या झाडांची छाटणी यंदा नाही. पुढच्या वर्षीपासून ऑक्टोबरच्या मध्याला, म्हणजे सुमारे ४५ ते ५० दिवसांत, डिसेंबरच्या सुरुवातीला फूल.

स्वीट पी: चर दीड फूट खोल, तळाला कुजके खत. बी रात्रभर भिजवले, न फुगलेल्यांना कानशीने ओरखडा देऊन पुन्हा भिजत. लार्कस्पर, पॉपी, जिप्सोफिला, कॉसमॉस जागेवरच. पहिल्या दोघांना पुनर्लागवड सोसत नाही. पॉपीचे बी शर्ली जातीचे आणि पाकिटावरचे नाव वाचून घेतलेले. अफूची पॉपी शोभेसाठीसुद्धा परवान्याशिवाय लावणे हा १९८५ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सुटे बी विकणारा ते सांगेलच असे नाही.

वाटेच्या दोन्ही कडांना स्ट्रॉबेरी, फुटावर एक. गाभा मातीच्या वर, बुडाला की कुजतो. पिकल्यावर माकडे येणार. जाळी लावली तर कडा कुरूप दिसते. मालकांनी फळांचा अर्धा वाटा माकडांना धरायचे ठरवले आहे.

२ डिसेंबर

ठिबक: १६ मिमी नळी, दर फुटाला ताशी २ लिटरचा ड्रिपर, एक दिवसाआड ४० मिनिटे. झारीने वरून पाणी बंद. पहाटे दव, दुपारी कोरडे, म्हणून गुलाबाच्या कोवळ्या पानांवर आणि स्वीट पीवर भुरी दिसू लागली आहे. पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळी लवकर, कडक ऊन असताना नाही.

कॉसमॉस वीतभर झाल्यावर शेंडे खुडले. होलीहॉकला आधार: सिल्व्हर ओकच्या वाळक्या फांद्या रोपांमध्ये खोचल्या. बांबू आणि सुतळी महिनाभर दिसत राहते, फांद्या आठवड्यात झाकल्या जातात. आधार रोप फूटभर असतानाच. आडवे झालेले रोप बांधून उभे केले तरी शेंडा वाकडाच राहतो.

२४ जानेवारी

वाटेच्या दक्षिणेला स्वीट पी, लार्कस्पर आणि स्नॅपड्रॅगन जोरात. उत्तरेचा वाफा मागे आहे, घराची सावली दुपारनंतर तिथे असते. पुढच्या वर्षी तिथे पॅन्सी आणि सिनेरारिया. दाटपणा अजून फोटोतल्यासारखा नाही. कायम झाडांना तिसरे वर्ष लागते, तोवर फटी हंगामी फुलांनी भरायच्या. फटीत आणखी झुडपे घुसवली तर चौथ्या वर्षी निम्मी काढावी लागतील.

पुढची कामे. हायड्रेंजिया आत्ता छाटायचे नाहीत, कळी मागच्या वर्षीच्या काडीवर आहे. माळी दर फेब्रुवारीत सगळेच छाटतो, त्याला दाखवून सांगणे. डेलियाचे कंद साळिंदराने उकरले, नव्या कंदांवर जाळीचा तुकडा आडवा पुरणे. पाटाच्या उत्तर टोकाचा कोपरा अजून काटकोनातच आहे, गवंडी मार्चमध्ये. मार्चअखेर होलीहॉक, लार्कस्पर आणि शर्लीचे बी वाळल्यावर कागदी पाकिटात, रंगानुसार वेगळे.